घरचा कॉम्प्युटर आणि हवेतली गर्दी

मुलांनो, तुमच्या घरात रेडिओ किती आहेत?

"एकही नाही! आजोबांचा होता, तो मागेच भंगारात गेला," असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. पण जरा थांबा. वही-पेन घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. रेडिओ म्हणजे रेडिओलहरी पाठवणारं किंवा पकडणारं यंत्र. आईच्या मोबाइलमध्ये वाय-फायचा एक रेडिओ आणि ब्लूटूथचा एक. बाबांच्या मोबाइलमध्ये तसेच दोन. कोपऱ्यात दिवे लुकलुकणारा राउटर हा रेडिओच. दादाच्या कानातली बिनवायरची बोंडं, ताईचं मनगटी घड्याळ, नवा टीव्ही, बिनवायरचा माउस, हे सगळे रेडिओच! मी आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोजले तेव्हा आकडा अकरावर गेला. एकावरही गाण्यांचा कार्यक्रम लागत नाही, एवढंच.

आता या यादीत आणखी एक रेडिओ घालायची वेळ पुष्कळ घरांत येते. दहावीची परीक्षा संपते, मे महिन्याची सुट्टी लागते आणि "घरी कॉम्प्युटर घेऊ या" असं ठरतं. लॅपटॉप घेतला तर वाय-फाय आणि ब्लूटूथ आतच बसवलेलं येतं. पण सुटे भाग निवडून डेस्कटॉप कॉम्प्युटर जोडून घ्यायचा, ज्याला दुकानदार 'असेम्बल करणं' म्हणतात, तर प्रत्येक गोष्ट आपल्यालाच ठरवावी लागते. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, हे ठरवताना सगळे तासन् तास वाद घालतात. वाय-फायची पाळी शेवटी येते. तोवर पैसे संपत आलेले असतात. मग दुकानदार जे हातात देईल ते घेऊन आपण घरी येतो!

आज आपण त्याच शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करू या.

हवा कुणाच्या मालकीची?

मुंबई केंद्रावरून रेडिओचं नियमित प्रसारण सुरू झालं ते २३ जुलै १९२७ रोजी. त्यानंतर कित्येक वर्षं घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना काढावा लागे. आजी-आजोबांना विचारून पाहा. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची! १९३३ च्या कायद्यानुसार बिनतारी यंत्र विनापरवाना बाळगणं हा गुन्हा होता. घरगुती रेडिओच्या परवान्याची ती पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली.

मग आज घरातले अकरा रेडिओ आपण बिनधास्त कसे चालवतो? कारण सरकारनं रेडिओलहरींचे काही पट्टे सगळ्यांसाठी खुले केले. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी कंपनं. तेव्हा २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोनशे चाळीस कोटी कंपनं! पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा खुला झाला.

अट काय? ताकद कमी ठेवायची. आणि दुसऱ्या कुणाच्या यंत्राचा अडथळा झाला, तर "माझं आधी!" असं म्हणायचं नाही. गावातलं मोकळं मैदान असतं ना, तसंच हे. कुणीही यावं, खेळावं, पण मैदान कुणा एकाचं नाही. शेजारच्यांचा चेंडू आपल्या डावात येणार, आपला त्यांच्या डावात जाणार.

म्हणून कॉम्प्युटरसाठी वाय-फाय निवडताना खिसा बघायचा, घर बघायचं आणि आणखी एक गोष्ट बघायची: हे सामाईक मैदान.

फडके रोडवरची दिवाळी

डोंबिवलीकरांना हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर काय होतं, ते आठवा. नवे कपडे घालून सगळं गाव गणपती मंदिराच्या दिशेनं निघतं. रस्ता तोच, माणसं मात्र हजारो. समोरून मित्र हाक मारतो, ती ऐकू येत नाही. तो पुन्हा ओरडतो. शेजारचाही ओरडतो. शेवटी कुणाचंच कुणाला कळत नाही!

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हा असाच जुना, अरुंद, आवडता रस्ता आहे. त्याची रुंदी साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ. त्यावर वाय-फायचे तेरा चॅनल आखलेले आहेत, पण त्यांच्यातलं अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आहे आणि एका चॅनलवरचं बोलणं साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतं. म्हणजे पहिल्या चॅनलवरचा आवाज दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावरही सांडतो. एकमेकांना धक्का न लावता चालतील असे चॅनल साधारण तीनच: पहिला, सहावा आणि अकरावा. आता चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत चोवीस राउटर असतील, तर भागाकार करा. एका वाटेवर आठ!

वाय-फायची यंत्रं तशी शहाणी असतात. बोलण्याआधी ती कान देऊन ऐकतात. वाट मोकळी दिसली तरच बोलतात, नाहीतर थांबतात. म्हणजे एका वेळी एकच बोलणार. इथे एक गंमत आहे, ती नीट लक्षात घ्या. ज्याचा सिग्नल चांगला, तो भराभर बोलून जागा मोकळी करतो. ज्याचा सिग्नल क्षीण, त्याला तेच बोलणं सावकाश, तुकड्यातुकड्यानं सांगावं लागतं. तेवढा वेळ बाकीचे ताटकळत उभे! वर्गात फळ्याजवळ आठ मुलं रांगेत असतील आणि पुढचा अडखळत लिहीत असेल, तर रांगेचं काय होतं? तसंच. कपाटामागे दडवलेल्या कॉम्प्युटरचा कमकुवत वाय-फाय फक्त आपलंच काम रेंगाळत ठेवत नाही, त्याच चॅनलवरच्या शेजाऱ्यांचंही रेंगाळतं.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या मानानं प्रशस्त आहे. २०१८ मध्ये खुला झालेला भाग एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे जुन्या रस्त्याच्या सातपटीहून जास्त रुंद. मग सगळे तिथेच का जात नाहीत? कारण या लहरी भिंतीला लवकर दमतात. एक सोपं गणित करू. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. हा वेग कंपनांच्या संख्येनं भागला की लहरीची लांबी मिळते. २.४ गिगाहर्ट्झला उत्तर येतं साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झला सहा सेंटिमीटर. आखूड लहरींना विटांची जाड भिंत, सिमेंटचा स्लॅब, पाण्याची टाकी असे अडथळे जास्त जाणवतात. आणि लोखंडी कपाट? ते तर दोन्ही लहरींचा रस्ता अडवतं.

म्हणून नियम सोपा आहे. राउटर जवळ असेल, मध्ये फार तर एक भिंत असेल, तर ५ गिगाहर्ट्झ. लांबच्या खोलीत, दोन-तीन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ. आपलं यंत्र दोन्हीवर चालणारं हवं. त्याला 'ड्युअल बँड' म्हणतात. फक्त २.४ वर चालणारा स्वस्त डोंगल आजही दुकानात मिळतो. तो घेणं म्हणजे दिवाळीच्या पहाटे फडके रोडवरूनच सायकल दामटायची ठरवणं!

६ गिगाहर्ट्झचं नावही तुम्ही ऐकलं असेल. त्या पट्ट्याचा खालचा भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा आपल्या सरकारनं मे २०२५ मध्ये काढला. पण घरच्या राउटरमध्ये तो पट्टा नसेल, तर केवळ त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. बोलायला दोघं लागतात.

निळ्या दाताचा राजा

आता ब्लूटूथ. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचं टोपणनाव 'ब्लाटान', म्हणजे निळा दात. त्यानं वेगवेगळ्या टोळ्यांना एकत्र आणलं, असं सांगतात. १९९० च्या दशकात मोबाइल आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बिनवायरचं बोलावेत म्हणून काही कंपन्या एकत्र आल्या. त्यांनी या राजाचं नाव तात्पुरतं म्हणून घेतलं आणि तेच कायम झालं. ब्लूटूथचं चिन्ह नीट पाहिलंत? राजाच्या नावाची आद्याक्षरं जुन्या रून लिपीत एकमेकांवर लिहिली की ते चिन्ह तयार होतं.

ब्लूटूथही त्याच गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. मग ते निभावतं कसं? उड्या मारून! मूळच्या ब्लूटूथनं या रस्त्याच्या ७९ चिंचोळ्या पट्ट्या केल्या आणि सेकंदाला १६०० वेळा पट्टी बदलायची पद्धत काढली. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत हेडफोन आणि कॉम्प्युटर यांनी शेकडो उड्या मारलेल्या असतात, त्याही दोघांनी मिळून ठरलेल्या क्रमानं. पुढच्या सुधारणेत तर गर्दीच्या पट्ट्या ओळखून त्या टाळायलाही ते शिकलं.

या उड्यांच्या कल्पनेचा एक नमुना फार जुना आहे. हेडी लामार ही हॉलिवूडची प्रसिद्ध नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांनी मिळून १९४२ साली अमेरिकेत पेटंट मिळवलं. टॉर्पेडोला रेडिओनं दिलेला हुकूम शत्रूला अडवता येऊ नये, म्हणून लहरी सतत बदलायच्या. त्यांनी त्यासाठी ८८ लहरी धरल्या होत्या. पियानोच्या पट्ट्याही ८८ असतात, बरं का!

खोक्यावरचा आकडा

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो खोक्यावरचा मोठा आकडा. 'एएक्स ३०००' असं लिहिलेलं असतं. हा ३००० कुठून आला? २.४ गिगाहर्ट्झवरचा जास्तीत जास्त वेग ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झवरचा २४०२ मेगाबिट. दोन्हींची बेरीज केली आणि वर ओढून ३००० केलं! पण आपला कॉम्प्युटर साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर राउटरशी जोडलेला असतो. कल्याणला जाणारी गाडी आणि ठाण्याला जाणारी गाडी यांच्या वेगांची बेरीज करून आपण लवकर पोहोचतो का? नाही ना?

दुसरं म्हणजे, घरी येणारं इंटरनेट किती वेगाचं आहे ते बिलावर पाहा. समजा ते १०० मेगाबिटचं आहे. मग कार्ड २४०२ चं असलं तरी बाहेरचं पाणी नळातून तेवढंच येणार. आणि मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, हेही ध्यानात ठेवा. आठ बिट मिळून एक बाइट होतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एक गिगाबाइटची फाइल उतरवायला साधारण ऐंशी सेकंद लागणार, कार्ड कितीही भारी असलं तरी.

म्हणून माझ्या मते आज साध्या घरासाठी वाय-फाय ६ चं, दोन अँटेनांचं, दोन्ही पट्ट्यांवर चालणारं आणि ब्लूटूथ ५ च्या पुढचं कार्ड पुरेसं आहे. वाय-फाय ७ बाजारात आहे, पण घरचा राउटर त्या जातीचा नसेल तर ते पैसे मेमरीत घाला. तिथे त्यांचा उपयोग रोज दिसेल.

बाजारात कोणत्या वाटा आहेत?

पहिली वाट: मदरबोर्डवरच वाय-फाय असतं. एकाच नावाचे दोन मदरबोर्ड येतात, एक वाय-फायसकट आणि एक वाय-फायविना. सकटवाला महाग असतो, पण सगळं आधीच जोडलेलं येतं. खोक्यात अँटेना आहेत ना, तेवढं बघून घ्या.

दुसरी वाट: काही मदरबोर्डवर वाय-फायसाठी एक छोटा एम.२ स्लॉट रिकामा ठेवलेला असतो. त्यात बसणारं कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढं. इथे दोन खाचखळगे आहेत. हा स्लॉट 'ई' खाचेचा असतो. एसएसडीचाही स्लॉट एम.२ च, पण त्याची खाच 'एम' असते. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. दुसरा खळगा त्याहून फसवा आहे. इंटेलची 'एएक्स २१०' आणि 'एएक्स २११' ही दोन कार्डं दिसायला भावंडं. पण २१० हे पूर्ण कार्ड आहे, योग्य स्लॉट असलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये चालतं. २११ हे अर्धं कार्ड आहे, त्याचं उरलेलं अर्धं काम इंटेलच्या ठरावीक संचातच असतं. एएमडीचा प्रोसेसर घेऊन त्याला २११ जोडलं, तर ते गप्प बसून राहतं. शेवटचा एक अंक बघायला विसरू नका!

तिसरी वाट: पीसीआय एक्स्प्रेसचं मोठं कार्ड. वाय-फायविना मदरबोर्ड असेल तर हा चांगला उपाय. अँटेना मागे बाहेर येतात. मात्र या कार्डाबरोबर एक बारीक वायर मिळते, ती मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या नऊ पिनांच्या जागी जोडायची असते. पुष्कळ जण ती खोक्यातच ठेवतात. मग वाय-फाय चालतं, पण ब्लूटूथ दिसत नाही, आणि "कार्ड खराब निघालं" म्हणून दुकानात फेऱ्या सुरू होतात! अशा कार्डात वाय-फाय पीसीआय एक्स्प्रेसमधून जातं आणि ब्लूटूथ यूएसबीमधून. एका कार्डाचे हे दोन रस्ते.

चौथी वाट: यूएसबी डोंगल. नुसत्या ब्लूटूथचा साधा डोंगल काही शे रुपयांत मिळतो, तो हेडफोन आणि माउसला पुरतो. वाय-फायचा डोंगल घ्यायचा तर नखाएवढा घेऊ नका, अँटेनावाला घ्या. आणि तो कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आड खोचू नका. निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारीही नको. या पोर्टला हार्ड डिस्क जोडली की तिच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास कुजबुज बाहेर पडते, हे इंटेलनं २०१२ मध्येच मोजून दाखवलं आहे. माउसचा बाण अडखळत असेल तर हात-दीड हाताची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावा आणि डोंगल टेबलावर आणा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच काम होतं.

आणि पाचवी वाट? ती म्हणजे साधी वायर. हसू नका! तिचीच गोष्ट आता सांगते.

एका टेपनं वाचवलेले पैसे

माझ्याकडे चौथीत असलेली एक मुलगी आता नववीत आहे. आमच्या शेजारच्याच इमारतीत राहते. तिची आई घरी बसून एका दुकानाचे हिशेब लिहिते. ती वर्षभर भिशीत पैसे टाकत होती, ते कॉम्प्युटरसाठीच. भिशी लागली तेव्हा कागदावर यादी झाली. दुकानाच्या कोटेशनमध्ये वाय-फायसकट मदरबोर्ड होता आणि एसएसडी छोटी होती. मोठी घ्यायची तर पैसे पुरत नव्हते. मुलगी कोटेशन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, यातलं काय काढू?"

मी म्हटलं, "यादीतलं नंतर बघू. टेबल कुठे ठेवणार ते आधी दाखव."

आम्ही तिच्या घरी गेलो. टेबलाची जागा आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठरली होती. राउटर बाहेरच्या खोलीत दाराशी. तिनं आईचा मोबाइल त्या कोपऱ्यात ठेवून वेग मोजला. शंभरातले जेमतेम अकरा मेगाबिट मिळाले. मग मोबाइल कपाटाच्या या बाजूला, दाराजवळच्या भिंतीशी ठेवला. सत्तर मिळाले! कपाट तेच, राउटर तोच, जागा फक्त दोन पावलं सरकली होती.

तिचं डोकं लगेच चाललं. शिवणाच्या डब्यातली टेप आणून तिनं राउटरपासून त्या भिंतीपर्यंतचं अंतर चौकटीच्या कडेनं मोजलं. सात मीटर भरलं. "मग बाई, वायरच टाकली तर?" इथरनेटची वायर शंभर मीटरपर्यंत नेता येते. सात मीटर म्हणजे काहीच नाही. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळून घातलेल्या. राउटरला मागे वायरीची जागा असतेच, मदरबोर्डलाही असते. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

तर शेवटी यादी अशी झाली: वाय-फायविना मदरबोर्ड, सात मीटरची वायर आणि प्लास्टिकची पट्टी, आणि एक ब्लूटूथचा छोटा डोंगल. डोंगल कशाला? तिचे बाबा पहाटेची लोकल पकडतात, म्हणून रात्री लवकर झोपतात. घर लहान आहे. तिला रात्री धडे ऐकायचे असतात आणि बिनवायरचे हेडफोन घरात होतेच. जे पैसे उरले त्यातून दुप्पट मोठी एसएसडी आली. आईचे हिशेब आणि मुलीचा अभ्यास, दोघींना जागा झाली.

आणखी एक फायदा तिनं मोजला नव्हता, तो मी सांगितला. दिवसभर एका जागी बसणारा कॉम्प्युटर वायरीवर गेला, की हवेतला एक बोलणारा कमी झाला. उरलेली हवा मोबाइलला मोकळी झाली, आणि थोडी शेजाऱ्यांनाही.

सगळ्यांना हे जमणार नाही. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावायचा नसतो. राउटर वरच्या मजल्यावर काकांकडे असतो. तेव्हा वाय-फाय कार्ड घ्यायचंच, आणि ते चांगलंच घ्यायचं. पण आधी टेप, मग यादी.

खरेदीला जाताना आणि जोडताना

डोंबिवलीतही दुकानं आहेत, पण पुष्कळांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं आकर्षण असतं. दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. या रस्त्याचं नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण जुनं नाव तोंडातून जात नाही. एकटे जाऊ नका, मोठ्या कुणाला बरोबर घ्या. दोन-तीन दुकानांत भाव विचारा. पक्कं बिल घ्या, आणि बिलावर कार्डाचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, शेवटच्या अंकासकट. परवाना आपल्याला लागत नसला, तरी अशा उपकरणाच्या प्रकाराला दूरसंचार विभागाची मान्यता असावी लागते. म्हणून नाव-गाव नसलेला, उघड्या पिशवीतला माल घेऊ नका.

जोडताना या गोष्टी सांभाळा.

एक, साधा वायरचा कीबोर्ड हाताशी ठेवा. कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू होताना बायोसचा पडदा येतो. त्या वेळी ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा जागा झालेला नसतो. कळा दाबून दाबून तुम्ही थकाल आणि तो ढिम्म!

दोन, वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. नवीन विंडोज टाकताना ते इंटरनेट मागतं, आणि इंटरनेटसाठी कार्डाचा ड्रायव्हर लागतो. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी गत होते. ड्रायव्हर नसेल तर मोबाइल यूएसबी वायरनं जोडून त्याचं इंटरनेट तात्पुरतं देता येतं.

तीन, अँटेना लावायला विसरू नका. "कॅबिनेट छान दिसत नाही" म्हणून त्या काढून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पत्र्याच्या पेटीत बसलेल्या कार्डाला अँटेना हेच कान आणि तोंड. छोट्या कार्डावरची अँटेनाची जोडणी बारीक बटणासारखी असते, ती तिरकी दाबली तर मोडते. सरळ ठेवा, 'टिक' आवाज येईपर्यंत हळूच दाबा.

चार, मदरबोर्डवर ब्लूटूथ असताना नवा डोंगल लावलात, तर जुनं ब्लूटूथ बंद करा. विंडोज एका वेळी एकाच ब्लूटूथशी नीट बोलतं.

पाच, ऑनलाइन तासाला ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की गाण्याचा सुरेख आवाज एकदम फोनसारखा खरखरीत येतो. घाबरू नका, हेडफोन बिघडलेला नाही. बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकदम करायचं म्हणून ब्लूटूथ आवाजाचा दर्जा कमी करतं. वेगळा वायरचा माइक लावून तोच माइक म्हणून निवडलात, की आवाज पुन्हा सुरेख होतो.

करून पाहा

साहित्य: मोबाइल, वही, टेप, स्टीलचा डबा.

राउटरपासून दोन, चार, सहा मीटरवर मोबाइल ठेवून वेग मोजा आणि तक्ता करा. आधी २.४ गिगाहर्ट्झवर, मग ५ वर. आता भिंतीच्या पलीकडे जा आणि पुन्हा मोजा. कोणता पट्टा जास्त खाली आला? मग मोबाइलवर ब्लूटूथ हेडफोनचं गाणं लावा, तो स्टीलच्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावून दुसऱ्या खोलीत जा. गाणं तुटतं का? थांबतं का? पितळेचा डबा असेल तर? मातीचं मडकं असेल तर? हाच प्रयोग रात्री नऊ वाजता आणि पहाटे सहा वाजता करून आकडे शेजारी-शेजारी लिहा. इमारत झोपलेली असताना मैदान किती मोकळं असतं, ते तुमच्या वहीतच दिसेल.

आणि हो, घरातले रेडिओ मोजायचे राहिले असतील तर तेही मोजा. आमच्या अकराच्या पुढे कुणाची मजल जाते, ते बघू या!